बांगडीवालीचा शब्द

नागपूरहून पांढुर्ण्याच्या गाडीत बसले तेव्हा माझ्या पर्समध्ये कापसात गुंडाळलेल्या दोन हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या आणि पोटात एक खोटं होतं. बांगड्या चाळीस वर्षांपूर्वीच्या. खोटंही तेवढंच जुनं, पण ते बांगड्यांपेक्षा चांगलं टिकलं होतं. एका बांगडीला बारीक तडा गेलाय. खोट्यावर साधा ओरखडा नव्हता.

नाशिकहून निघताना नवऱ्याने विचारलं होतं, "नक्की कुणाला भेटायला चाललीस?"

"माझ्या पहिल्या प्रेमाला."

"मग त्याच्यासाठी लाडू तरी ने."

"तिच्यासाठी," मी म्हटलं आणि बाहेरून दार ओढून घेतलं. असा संवाद म्हणायची संधी संसारात एकदाच मिळते. ती सोडणाऱ्यांपैकी मी नाही.

ती म्हणजे कुसुमताई. मी दहा वर्षांची होते, वरूडला राहत होते. आमच्या शाळेच्या मैदानावर बायकांच्या कबड्डीचे सामने भरले आणि संत्र्याच्या ट्रकमध्ये उभा राहून सौंसरचा संघ आला. त्यात वीस-एकवीस वर्षांची कुसुमताई होती. उंच, सावळी, वेणी कमरेला खोचलेली. बाकीच्या बायका 'कबड्डी, कबड्डी' ओरडायच्या, ही गुणगुणायची. पाळण्यातल्या बाळाला थोपटावं इतक्या हळू. समोरच्या सातजणी खरंच झोप लागल्यासारख्या बघत राहायच्या, आणि त्यांना जाग येईपर्यंत एकीच्या पोटरीवर चापट बसलेली असायची आणि कुसुमताई आपल्या हद्दीत परत.

खेळताना हातात बांगड्या चालत नाहीत. पहिल्याच दिवशी तिने इकडेतिकडे बघितलं आणि मध्यरेषेच्या टोकाला उकिडव्या बसलेल्या मला हाक मारली. "ए पोट्टी! धर ह्या. अन् फोडशीन तं पाहा मंग." तीन दिवस मी त्या बांगड्या धरून तिथेच बसले. घरी जेवायला बोलावलं तर पोट दुखतंय म्हणून सांगितलं. मला नाव कुणी विचारलं नाही, तिनेसुद्धा. मी तिची बांगडीवाली होते, तेवढं मला पुष्कळ होतं.

अंतिम सामना आमच्या वरूडशी होता. शेवटची चढाई कुसुमताईची. आमच्या पाचजणींनी तिला धरलं. ती त्या पाचजणींना ओढत, घसटत रेषेपर्यंत आली आणि तिने हात लांब केला. धूळ उडाली. वर बायकांचा ढीग. पंच म्हणजे आमचे ड्रॉइंगचे गुरुजी, त्यांना काही दिसलं नाही. दोन्ही गावं एकदम ओरडायला लागली. गुरुजींनी हात वर केला, माझ्याकडे बघितलं आणि भोंग्यातून म्हणाले, "लहान मूल खोटं बोलत नाही. सांग गं बाळ, हात रेषेला लागला?"

लागला होता. माझ्या नाकासमोर चुन्याच्या रेषेत तिची तीन बोटं उमटली होती.

मी म्हटलं, "नाही."

सौंसर एका गुणाने हरलं. सामान ट्रकमध्ये चढलं, बायका चढल्या, ट्रक निघून गेला. मी पाण्याच्या टाकीमागे लपले होते. बांगड्या माझ्याच हातात राहिल्या.

मी असं का केलं, ते इथे सांगत नाही. चाळीस वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि पहिल्यांदा सांगायचा मान जिचा होता तिलाच द्यायचा होता.

*

मागच्या महिन्यात वरूडच्या मामेबहिणीने फोनवर एक फोटो पाठवला. मुलींचा कबड्डीचा संघ, बाजूला शिट्टी अडकवलेली एक पांढऱ्या केसांची बाई. खाली लिहिलं होतं, 'ही तुझी कुसुम. पांढुर्ण्याची आहे.' मी त्याच दिवशी तिकीट काढलं.

पांढुर्ण्याला उतरले आणि पहिला श्वास संत्र्यांचा आला. डिसेंबरात हे गाव आत-बाहेर नारिंगी होतं. रस्त्याच्या कडेला ढीग, ट्रकमध्ये ढीग, सायकलच्या दांड्यावर पिशव्या. दुकानांच्या पाट्या हिंदीत आणि दुकानासमोरची भांडणं मराठीत, त्यामुळे मला लगेच घरच्यासारखं वाटलं. ऑटोवाल्याने 'बैठो मॅडम' म्हणून बसवलं आणि जाम नदीच्या पुलापाशी येईपर्यंत तो माझ्याशी अस्सल वऱ्हाडीत बोलायला लागला होता.

"हे पाहा. ह्या काठाले आमचं पांढुर्णा, त्या काठाले सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी हे त्याईले गोटे मारते, ते ह्याईले. तुमच्या नाशिकले कोन्ता खेळ चालते?"

"क्रिकेट."

"हॅ! त्याच्यात तं एकच गोटा. अन् तोही चामड्याचा."

कबड्डीवाल्या कुसुमताई कुठे राहतात, असं विचारल्यावर त्याने छातीवर हात ठेवला. कुसुमबाई न? माहीत आहे न! बाजारामागच्या गल्लीत त्याने मला एका घरासमोर उतरवलं. ओट्यावर एक वृद्ध बाई सुपात तूर पाखडत बसली होती. केस पांढरे. उंच. नाशिकपासून मनात घोकत आणलेलं सगळं नाटक मी एका दमात सादर केलं. पिशवी टाकली, खाली वाकले, दोन्ही हातांनी तिचे पाय धरले आणि म्हटलं, "ताई, मी तुमची अपराधी आहे!"

बाईंनी सूप बाजूला ठेवलं. "अवं, ऊठ. काय केलं वं तू? गच्चीवरचे गहू तूच नेले का माह्ये?"

त्या दुसऱ्या कुसुमबाई होत्या. कबड्डी त्यांनी आयुष्यात खेळली नव्हती. त्यांनी मला शांतपणे समजावलं, की सौंसर, मोहगाव हे सगळं आता पांढुर्णा जिल्ह्यात येतं, त्यामुळे तिकडचं माणूसही हल्ली पांढुर्ण्याचंच म्हणवतं. "तुह्यी कबड्डीवाली मोहगावची हाय. सौंसरच्या पुढं. पन पाया पडली ते बरं केलं. माह्यी सून तं दिवाळीलेही वाकत नाई."

"ऐकू येऊन राहिलं बरं, आई!" आतून आवाज आला.

"ऐकू याव म्हणूनच बोलून राहिली!"

त्या ऐकणाऱ्या सुनेनेच मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. ज्वारीची भाकर आणि सोले (तुरीचे ओले दाणे) घालून केलेली वांग्याची भाजी, वर तेलाचा लालभडक तवंग. पहिल्या घासाला कानातून वाफ निघाली. दुसऱ्या घासाला मी वाटी पुढे केली. निघताना सासू म्हणाली, "तिचे पाय धरशीन तं सांभाळून. तिचा एक गुडघा गेला हाय म्हणते."

हे ऐकल्यावर माझा धीर थोडा खचला, का कोण जाणे.

*

सौंसरच्या बसमध्ये माझ्या शेजारी कापसाच्या वेचणीवरून आलेली एक बाई बसली. केसांत कापसाचे तंतू, मांडीवर जेवणाचा रिकामा डबा. खिडकीबाहेर कापसाची शेतं पांढरी, मधूनच संत्र्याच्या बागा गडद हिरव्या.

"कुठी जाऊन राहिल्या, बाई?"

"मोहगावला. कुसुमताईंकडे."

"ते पोट्ट्याईले कुदवते ते? माह्यी नात जाते तिच्याकडं. तिचा बाप म्हणे, पोरीच्या जातीनं चड्डी घालून कुदायचं नाई. मंग कुसुम आली एक दिवस घरी. भांडली नाई, काई नाई. बापाले म्हणे, चाल, तू माह्या हात धरून दाखव. धरला त्यानं. ते हात सोडवून चहा पिऊन निघून बी गेली." ती स्वतःशीच हसली. "तवापासून जाते नात."

"फार खरी बाई असेल."

"खरी? अवं, तिच्या मैदानात खोटं चालतच नाई."

मी खिडकीबाहेर बघायला लागले. कापूस सुंदर होता.

बस जामसांवलीला थांबली. इथला मारुती झाडाखाली आडवा झोपलेला आहे. त्याच्या दर्शनाला लांबून माणसं येतात. बसचा ड्रायव्हरही उतरला, म्हणून मीही उतरले. मनात म्हटलं, एकदा तालीम करून घ्यावी. हात जोडून मी सगळं पुटपुटले. सामना, रेषा, तीन बोटं, 'नाही'. देव आडवा पडून ऐकत होता. माझ्या मागच्या माणसाने दोनदा घसा खाकरला. "बाई, दर्शन घ्या, कहानी कायले सांगून राहिल्या?" मी नारळ ठेवला आणि पळत बस गाठली. तालीम अर्धवटच राहिली.

*

मोहगावला पोहोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मैदान सापडायला त्रास झाला नाही. संत्र्याच्या बागेच्या कुंपणालगत मोकळी जागा, चुन्याच्या रेषा, दहा-बारा मुली. आणि आतून येणारी ती गुणगुण.

मी कुंपणाशी थांबले. फोटोतली पांढऱ्या केसांची बाई मैदानात उतरून एका मुलीला चढाई दाखवत होती. अंगाने भरलेली, साडीचा पदर कमरेला खोचलेला, पायात खेळाचे बूट, उजवा गुडघा पट्टीने आवळलेला. लंगडत होती. पण ओठांतून येणारा आवाज तोच, पाळण्यातल्या बाळाला थोपटणारा. समोरच्या सातही मुली झोपेत असल्यासारख्या उभ्या होत्या. मग चापट बसल्याचा आवाज आला आणि मुली एकदम हसल्या.

मी पन्नास वर्षांची बाई, दोन मुलांची आई, विमा कचेरीतली मोठी कारकून. कुंपणाची तार धरून रडत होते.

"कोण वं? या ना आत! तार गंजेल आहे, हात कापन!" तिनेच हाक मारली.

मी आत गेले. म्हटलं, मी वरूडची, तुमचा खेळ लहानपणी बघितलाय, नाशिकहून भेटायला आले. पुढचं बोलायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "एवढ्या दुरून? बसा, बसा. हा डाव संपू द्या." आणि शिट्टी वाजली.

मला मध्यरेषेच्या टोकाजवळ जागा मिळाली. शेजारी आठ-नऊ वर्षांची एक मुलगी बसली होती. तिच्या मांडीवर फ्रॉकच्या ओच्यात बांगड्या, कानातले, केसांच्या पिना, एक घड्याळ.

"तू खेळत नाहीस?"

"मी बांगडीवाली हाय," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. डोळे रेषेवर.



तेवढ्यात मैदानात गोंधळ झाला. एक दांडगी मुलगी चारजणींना ओढत रेषेपर्यंत आली होती. लागला, नाही लागला, दोन्हीकडून ओरडा. कुसुमताईने शिट्टीसुद्धा तोंडात घेतली नाही. ती माझ्या शेजारच्या या चिमुरडीकडे वळली. "आराध्या?"

"हात लागला, दीदी. पन दम पहलेच तुटला होता."

सगळा ओरडा बंद. दांडगी मुलगी कपडे झटकत बाहेर जाऊन बसली. कुरकुर नाही, काही नाही. साठीच्या बाईला दीदी म्हणणाऱ्या त्या मुलींनी आठ वर्षांच्या मुलीचा निकाल असा मान खाली घालून घेतला.

डाव संपल्यावर सगळ्याजणी गोल करून संत्री सोलायला बसल्या. मी विचारलं, "ताई, हे बांगडीवालीचं काय?"

"दीदी, सांगा ना!" मुली एकदम म्हणाल्या. गोष्ट त्यांना पाठ असणार, तरी हवी होती.

कुसुमताईने गुडघा लांब केला. "हे तुमच्या वरूडचीच गोष्ट आहे, बाई. फायनल होती. शेवटची चढाई माह्यी. पाच जणींनी धरलं. म्या रेषेले हात लावला, पन त्याच्या अर्धा हात पहले माह्या दम तुटला होता. बारीकसा. गळ्यातल्या गळ्यात. एवढ्या गिल्ल्यात कोणाले ऐकू येणार? म्हणजे आउट होती मी. पन म्या गप. म्हटलं, भेटून राहिलं तं घ्या. तं पंचानं माह्या बांगड्या धरून बसलेल्या पोट्टीले इचारलं. अशी येवढीशी. तीन दिवस माह्या मांगं मांगं फिरे. मले वाटलं, हे तं माह्यीच आहे, हे हावच म्हणन. अन् ते पोट्टी सरळ माह्या डोळ्यांत पाहून म्हणे, 'नाई'."

मुली आ वासून ऐकत होत्या.

"सगळ्या मैदानात एकटीनं माह्या दम तुटलेला ऐकला तिनं. अन् माह्यावर जीव असून बी खरं बोलली. लय शरम वाटली मले. ट्रकात बसून सौंसरवरी रडली. मंग जवा म्या पोट्ट्याईले शिकवाले लागली, तवा पहला नियम हा केला. रेषेवर बांगडीवाली बसन, अन् तिचा शब्द शेवटचा."

आता माझी अवस्था बघा. गुन्हा कबूल करायला निघाले आणि इथे माझं देऊळ बांधून तयार. पर्स उघडली, कापूस उलगडला आणि बांगड्या तिच्यासमोर धरल्या.

तिने त्या बघितल्या. मला बघितलं. "अव माय!" ती म्हणाली. "तूच का वं ते?"

मग जे झालं ते मी लपवणार नाही. मुलींनी टाळ्या वाजवल्या. दांडगी मुलगी पाया पडली. तिच्यामागे रांग लागली. आराध्या ओच्यातलं सगळं सांभाळत माझ्याकडे अशी बघत होती, जशी मी एकेकाळी कुसुमताईकडे बघायचे. पाच मिनिटं मी देवी होते, आणि खरं सांगते, मला ते आवडलं. गप्प बसणं फार सोपं होतं. निकाल तर बरोबरच लागला होता. कुणाचं काय जात होतं?

पण ती चिमुरडी तशीच बघत राहिली.

"ताई," मी म्हटलं, "मला काहीच ऐकू आलं नव्हतं."

"काय?"

"दम तुटलेला. मला नाही ऐकू आला. मी फक्त हात बघितला. हात लागला होता, तीन बोटं, मला स्वच्छ दिसली. तरी मी नाही म्हटलं. मी खोटं बोलले, ताई."

संत्री सोलणारे सगळे हात थांबले. कुणीतरी हळूच म्हणालं, "हाय रे!"

कुसुमताईने हातातलं संत्रं खाली ठेवलं, उठली, "दोन चक्कर मारा मैदानाचे," म्हणाली आणि लंगडत बागेत निघून गेली. मुली मुकाट पळायला लागल्या. प्रत्येक फेरीला माझ्याजवळून जाताना बघून जात होत्या.

आराध्या मात्र बसूनच होती. तिने बराच विचार केला. "मावशी, तुम्ही खोटं बोलल्या, तरी ते खरं कसं झालं?"

"मलाही आत्ताच कळलं गं."

"मंग मी आता काय करू? खरंच बोलू न?"

"तू खरंच बोल."

"हाव," ती म्हणाली. "मले बी तेच वाटते."

*

कुसुमताई परत आली तेव्हा मुली घरी गेल्या होत्या. फक्त शेजारघरची म्हणून आराध्या रेंगाळत होती. "चाल," एवढंच ती मला म्हणाली.

घर रस्त्याकडेलाच होतं. दोन खोल्या, पुढे ओटा. आत भिंतीवर निळ्या चौकटीत बुद्धाची तसबीर, खाली एका काचेच्या कपाटात कप आणि ढाली, त्यांच्यावर ठेवलेली अंगणवाडीची जुनी रजिस्टरं. मुलगा नागपूरला नोकरीला. ती एकटीच. तिने चूल पेटवली, चहा ठेवला. मी ओट्यावर बसून माझी निघायची गाडी कितीला आहे ते आठवत होते. सौंसरला जाणारी शेवटची बस दिवेलागणीला, समोरच्या पिंपळाशी थांबते, असं येताना कंडक्टरने बजावलं होतं.

चहा हातात देऊन ती शेजारी बसली. मधे बांगड्या.

"काहून बोलली वं? तुह्यं गाव जिंकाव म्हणून?"

"नाही."

"मंग?"

आणि मग मी ते सांगितलं. आदल्या दिवशी एक सामना बरोबरीत सुटला होता, तर तो दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा खेळवला होता. ते माझ्या डोक्यात बसलं होतं. मला वाटलं, आम्ही एका गुणाने मागे आहोत. मी नाही म्हटलं की आम्हाला एक गुण मिळेल, बरोबरी होईल, सामना उद्या पुन्हा होईल. म्हणजे सौंसरचा ट्रक आज जाणार नाही. तुम्ही आणखी एक दिवस राहाल, आणि उद्या सकाळी पुन्हा मला म्हणाल, धर ह्या बांगड्या.

"पण गुण आधीच बरोबरीत होते," मी म्हटलं. "फळ्यावर लिहिलेलं होतं. मी फळ्याकडे बघितलंच नव्हतं, ताई. मी तीन दिवस तुमच्याकडेच बघत होते."

तिने मग न तडकलेली बांगडी उचलली आणि हातात चढवायला लागली. हात आता जाड झाला होता, बोटांची पेरं सुजलेली. बांगडी अंगठ्यापाशी अडली.

"आता नाई जात," ती म्हणाली. ती बांगडी तिने माझ्या हातात चढवायला घेतली. माझाही हात काही नाजूक उरलेला नाही. अंगठा मुडपून, दाबून, हळूहळू फिरवत तिने ती आत घातली. अंगणवाडीत पोरांना बूट घालून देणाऱ्या बाईचे सराईत हात.

"नाव काय वं तुह्यं?"

चाळीस वर्षांनी कुणीतरी विचारलं.

"मंगल."

"मंगल," ती म्हणाली. मग पुन्हा एकदा, ओठातल्या ओठात, "मंगल."

मी घड्याळ बघितलं. कप खाली ठेवला, पर्स उचलली. "निघते, ताई. शेवटची गाडी आहे."

"गाडी?" कुसुमताई म्हणाली. "गाडी तं गेली."

"गेली?"

"कवाचीच. आता उद्या सकाळी."

तेवढ्यात वळणावर हॉर्न वाजला. दिवे लागले, धूळ उडाली, आणि माझी सौंसरची बस डुलत डुलत समोरच्या पिंपळाखाली येऊन थांबली. कंडक्टर दारातून लोंबकळत ओरडायला लागला, "सौंसर, सौंसर, सौंसर!"

मी बसकडे बघितलं. मी कुसुमताईकडे बघितलं. तिचे डोळे सरळ माझ्या डोळ्यांत. ज्या बाईच्या मैदानात खोटं चालत नाही, तिच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

ओट्याच्या पायरीवर आराध्या संत्रं खात बसली होती. कुसुमताईने मान वळवली. "काय वं, आराध्या? गेली न गाडी?"

आराध्याने बसकडे बघितलं. एक माणूस उतरला, दोन चढले. तिने माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या बांगडीकडे बघितलं. फोड चावून खाल्ली, बी हातावर काढली आणि पूर्ण विचार करून निकाल दिला.

"गेली."

बांगडीवालीचा शब्द शेवटचा असतो. मी पर्स आत नेऊन ठेवली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मी निघाले. संत्र्यांची पिशवी इतकी जड होती की कंडक्टरने तिला वेगळी सीट दिली. जामसांवलीला उतरून मारुतीला अर्धी राहिलेली गोष्ट पुरी सांगितली. या वेळी मागे कुणी नव्हतं.

नाशिकला दार उघडताच नवऱ्याने विचारलं, "काल येणार होतीस ना? एक दिवस उशीर कसा?"

"सामना बरोबरीत सुटला," मी म्हटलं. "दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळावा लागला."

आणि हे मी खोटं बोलले नाही. मोहगावला त्या सकाळी कोवळ्या उन्हात मुलींचा डाव झाला. मध्यरेषेच्या टोकाला आराध्याने सरकून जागा दिली, आणि दोघींच्या मधल्या ओच्यात अकराजणींच्या बांगड्या होत्या. एकदा धूळ उडाली, ओरडा झाला, आणि कुसुमताईने वळून हाक मारली, "मंगल?"

मी खरं तेच सांगितलं. दांडगी मुलगी आउट झाली. जाताना ती माझ्याशी बोलली नाही.